सलग ऐकावेत असे यंदाचे अल्बम

सांगली,
२२ डिसेंबर २०२४

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी वर्षअखेरीची गाण्यांची यादी मिळाली. तीतली बहुतेक गाणी मी ऐकली, काही पुन्हापुन्हा ऐकली, आणि ‘आई, आता तुझी यादी पाठव’ असे तू लिहिले आहेस म्हणून हे सविस्तर पत्र लिहायला बसले आहे. नावे काय, फोनवरही सांगून झाली असती. परंतु कोणता अल्बम का आवडला हे फोनवर नीट सांगता येत नाही, आणि कारणांवाचून नुसत्या नावांचा तुला काही उपयोग नाही. माझी यादी गाण्यांची नाही, अल्बमांची आहे, हे आधीच सांगते. इंडी रॉकमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर वाढलेल्या रॉकमध्ये, यंदा जे जे मला मनापासून भावले ते बहुतेक सारे सलग ऐकण्याजोगे आहे. त्यातले एखादे गाणे उचलून तुझ्या यादीत घातले तर ते चांगलेच वाटेल, पण त्याचा निम्मा अर्थ मागे राहील. क्रम मोडू नये, मधले गाणे गाळू नये, शेवटचा सूर विझेपर्यंत उठू नये, एवढी मागणी करणारे आणि ती पुरी करणाऱ्याला भरभरून देणारे अल्बम एकाच वर्षात इतके आले, याचे मला फार अप्रूप वाटते.

तू म्हणशील, हे मत मैफलींवर पोसलेल्या कानांचे आहे. तसे ते आहेच. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीत सभा भरते, तिथे रात्ररात्र बसून ऐकलेले गाणे अंगात मुरले आहे, आणि ख्यालानंतर ठुमरी व अखेरीस भैरवी हा क्रम केवळ रिवाज म्हणून पाळला जात नाही, हे तिथे कुणी समजावून सांगावे लागत नाही. परंतु याची दुसरी बाजूही पाहा. खाँसाहेब १९३७ साली गेले, आणि त्यांचे जे गाणे आज आपल्या कानांवर पडते ते मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे आहे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत, म्हणून तासभर मांडावा असा राग त्यांनी तेवढ्या जागेत बसवला. १९४८ साली अमेरिकेत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, निघाली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे गाणे मावू लागले, आणि रॉकमधला अल्बम हा प्रकार पुढे त्या वाढीव जागेतूनच घडत गेला. म्हणजे गाण्याची लांबी आणि घाट ठरवण्यात यंत्राचा हात पूर्वीपासून आहे. आज जागेला तोटा नाही, तरीही ऐकणाऱ्याला दर तीन मिनिटांनी दुसरीकडे घेऊन जाण्याची सोय जय्यत तयार असते. अशा काळात ज्या कलावंतांनी समजून उमजून लांब आणि न तोडता येणारे काम केले, त्यांना दाद द्यावीशी वाटते.

माझ्या यादीत सर्वांत वर सिंडी ली यांचा ‘डायमंड ज्युबिली’ आहे. कॅनडातले पॅट्रिक फ्लेगेल हे सिंडी ली या नावाने, स्त्रीवेशात, केसांचा टोप आणि चकाकता पोशाख घालून गातात. बालगंधर्वांचे नागठाणे ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाने यात बिचकण्यासारखे काही नाही; उलट पुरुषाने स्त्रीचा आवाज लावला की त्या आवाजात एक निराळी आर्तता कशी उतरते, हे जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकलेल्यांच्या लगेच ध्यानात येईल. फ्लेगेल पूर्वी कॅलगरीच्या ‘विमेन’ या बँडमध्ये होते. तो बँड मोडला, त्यातला गिटारवादक क्रिस्टोफर रायमर २०१२ साली ऐन तारुण्यात गेला, आणि फ्लेगेल पुढे या नव्या नावाने, बरेचसे एकट्यानेच, काम करत राहिले. यंदा २९ मार्चला त्यांनी हा अल्बम कसा बाहेर काढला ते तुला ठाऊक असेलच, तरी मला ते पुन्हा लिहावेसे वाटते. नेहमीच्या एकाही स्ट्रीमिंग ॲपवर तो ठेवला नाही. यूट्यूबवर दोन तासांची एकच अखंड फाईल, आणि जुनाट वळणाच्या एका साध्या पानावर डाउनलोडची सोय व जमल्यास ३० कॅनेडियन डॉलर पाठवावेत अशी विनंती, एवढाच काय तो पसारा. तरीही ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगत सांगत तो जगभर नेला, आणि ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला १० पैकी ९.१ गुण दिले.

अल्बममध्ये ३२ गाणी आहेत. या संख्येचे प्रथम दडपण येते. ते लवकरच जाते, कारण इथे एक गाणे संपून दुसरे सुरू झाले असे फारसे जाणवतच नाही. ध्वनिमुद्रण मुद्दाम धूसर ठेवलेले आहे. रात्री उशिरा रेडिओच्या मध्यम लहरींवर लांबचे एखादे केंद्र लागावे, आवाज मधूनच अगदी जवळ यावा आणि मधूनच खरखरीत बुडून जावा, तसे ते कानावर येते. त्या खरखरीच्या आड साठच्या दशकातल्या अमेरिकी मुलींच्या गायनसंचांच्या गोड चाली आहेत, आणि त्या चालींच्या अंगावरून गिटार अशी काही ओरखडत जाते की गोडव्याला सारखी एक ठसठस लागून राहते. काही गाणी अर्धवट सोडल्यासारखी वाटतात, दोन-तीन नसती तरी चालले असते असेही माझे मत आहे. तरी त्यांना हात लावू नये. ‘इफ यू हिअर मी क्राइंग’ हे गाणे मी एकदा सुटे लावून पाहिले, ते छान वाटले. तेच गाणे तासाभराहून अधिक वेळ त्या धूसर आवाजात काढल्यानंतर ओघात आले तेव्हा मात्र मला हातातले काम ठेवून बसून राहावे लागले. तुझ्या यादीत या अल्बममधले एकच गाणे आहे आणि तेही ‘बेबी ब्लू’. निवड चांगली आहे, पण ते अल्बममधले तिसरेच गाणे आहे; तिथे न थांबता पुढची वाटही चाल, एवढा माझा आग्रह आहे.

दुसरा ‘द क्युअर’ या इंग्लिश बँडचा ‘साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. हे आता मोठ्या कंपनीकडचे आणि मोठमोठी मैदाने भरवणारे कलावंत, त्यांना इंडीच्या यादीत जागा कशी, असा तुझा आक्षेप येणार. माझे उत्तर असे की आज ज्याला तुम्ही इंडी म्हणता त्यातल्या निम्म्या गिटारवाल्यांनी आपली उदासी ‘द क्युअर’चे गायक रॉबर्ट स्मिथ यांच्याकडून उचललेली आहे, आणि मूळ पुरुष घरात असताना त्याला बाहेर बसवणे मला जमणार नाही. १९८९ साली त्यांचा ‘डिसइंटिग्रेशन’ आला. तो मी पुढे पुण्याला शिकत असताना मैत्रिणीकडून कॅसेटवर उतरवून घेतला होता आणि त्या काळात दुसरे काही ऐकवत नसे. यंदाचा अल्बम १६ वर्षांच्या अंतराने आला, आणि आला तोही १ नोव्हेंबरला, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. त्याच रात्री त्यांनी लंडनमध्ये कार्यक्रम करून तो अथपासून इतिपर्यंत वाजवला आणि जगाला थेट दाखवला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, पणत्या विझत आल्या होत्या, बाहेर फटाके चालू होते, आणि तुझे बाबा झोपायला जाताना ‘अजून किती वेळ?’ असे दोनदा विचारून गेले.

या अल्बमची आठच गाणी आहेत. पहिल्या ‘अलोन’मध्ये गायकाचा आवाज यायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तोपर्यंत ढोलावर संथ, जड ठेका पडत राहतो, सिंथेसायझरचा थर चढत जातो, गिटार दोन-चार सुरांची एक जागा घेऊन पुन्हा मागे सरते. ही नुसती प्रस्तावना आहे असे समजून पुढे सरकवणाऱ्याला हे गाणे कळणार नाही. ज्याला आपण आलाप म्हणतो त्याचे काम इथे झालेले आहे: राग कोणता, त्याचा स्वभाव कोणता, गांभीर्य किती, हे सारे शब्द येण्याआधीच ऐकणाऱ्याच्या मनात ठरून गेलेले असते, आणि म्हणून शब्द आले की ते नेमके जिथे पडायला हवेत तिथे पडतात. शेवटचे ‘एंडसाँग’ तर दहा मिनिटांचे आहे आणि त्यात शब्दांपूर्वी सहा मिनिटे जातात. मधल्या ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’मध्ये स्मिथ यांनी आपल्या थोरल्या भावाच्या मृत्यूविषयी लिहिले आहे. पियानोवर अगदी साधी, मुलांना शिकवावी इतकी साधी सुरावट आहे, आणि तिच्यावर वयाच्या ६५ व्या वर्षीही न थकलेला तो आवाज. तुझा मामा गेल्यापासून भावावरचे गाणे मला सहसा ऐकवत नाही. हे ऐकवले, कारण त्यात दुःखाचे प्रदर्शन नाही. दुःख आहे आणि ते नेटके मांडले आहे.

ती कॅसेट आता आपल्याकडे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि आपल्या तळमजल्यावरच्या कपाटातले सारे गेले, ते तुला आठवत असेल. पाणी उतरल्यावर मी कॅसेटचा डबा उघडला तेव्हा प्रत्येक कॅसेटच्या खिडकीतून आत पाहिले की फितीच्या वेटोळ्यावर नदीच्या गाळाचा चॉकलेटी थर दिसत होता; पेन्सिल घालून चाक फिरवावे तर फीत जागची हलत नव्हती. हे सांगण्याचे कारण पुढचा अल्बम.

एमजे लेंडरमन हा २५ वर्षांचा मुलगा, म्हणजे तुझ्याहून लहानच, नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा. ‘वेन्सडे’ बँडमध्ये तो गिटार वाजवतो हे तुला माहीत आहे. त्याचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ ६ सप्टेंबरला आला, आणि तीन आठवड्यांत, २७ सप्टेंबरला, हेलेन वादळाच्या पावसाने त्याच्या गावाला महापूर आला. फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या पुराची नोंद मोडली, नदीकाठची चित्रकारांची आणि कारागिरांची वस्ती पाण्याखाली गेली, आणि शहराच्या नळांना पिण्यायोग्य पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला. पूर ओसरल्यावर टँकरची वाट पाहत घागरी घेऊन उभे राहणे म्हणजे काय, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. तिथल्या संगीतकारांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी मिळून मदतीसाठी ‘कार्डिनल्स ॲट द विंडो’ नावाचा एक संग्रह ऑक्टोबरमध्ये काढला. १३६ गाणी, सगळी पूर्वी प्रसिद्ध न झालेली, आणि मिळालेले पैसे तिथल्या मदतकार्याला. लेंडरमनचे गाणेही त्यात आहे. तो संग्रह विकत घेऊन ठेव, अशी मी तुला सूचना करते.

पुराचा आणि ‘मॅनिंग फायरवर्क्स’मधल्या गाण्यांचा तसा संबंध नाही, ती आधीच लिहून झालेली होती. परंतु पडलेल्या, हरलेल्या, स्वतःचे काहीतरी बिघडवून बसलेल्या पुरुषांबद्दल इतक्या माणुसकीने लिहिलेले या वर्षात मला दुसरे आढळले नाही. हा मुलगा त्या माणसांना सोडत नाही आणि त्यांच्यावर तोंडसुखही घेत नाही. त्याची गिटार सैल, किंचित बेसूर वाटावी अशी लागते, आणि त्या सैलपणातच तिची ऐट आहे. नऊ गाणी आहेत, पाऊण तासाच्या आत आटोपतात, आणि अखेरचे ‘बार्क ॲट द मून’ दहा मिनिटांचे आहे. त्यातले गाणे लवकरच संपते. पुढची पाच-सात मिनिटे नुसता एक गुंजणारा, घोंघावणारा आवाज चालू राहतो, त्यात चाल नाही, ठेका नाही. पुष्कळांनी तो भाग निष्कारण आहे म्हणून बंद केला असेल. मला तो या अल्बमचा सर्वांत समजूतदार भाग वाटतो. गाणे थांबल्यावरही मागे तंबोरा चालू असावा आणि ऐकलेले त्याच्या आधाराने मनात बसत जावे, ते काम हा आवाज करतो.

याच लेंडरमनचा आवाज आणि गिटार वॉक्साहॅचीच्या ‘टायगर्स ब्लड’मध्येही आहे. वॉक्साहॅची म्हणजे अलाबामाच्या केटी क्रचफील्ड. नाव तिथल्या एका ओढ्याचे. ‘राइट बॅक टू इट’ हे त्या दोघांचे गाणे तुझ्या यादीत पहिले आहे, ते योग्यच. बँजोचा तो संथ ठेका आणि जुने झालेले, खडखडत का होईना पण टिकलेले प्रेम, हे तुला या वयात आवडावे याचे मला समाधान वाटते. दारू सोडून काही वर्षे झालेल्या बाईचे हे लेखन आहे, आणि त्या सावधपणाने तिच्या ओळींना एक स्वच्छता आली आहे. ढोल वाजवणारा स्पेन्सर ट्वीडी हा ‘विल्को’ बँडच्या जेफ ट्वीडी यांचा मुलगा, बापाच्या नावावर न जाता तो ज्या संयमाने वाजवतो ते मुद्दाम लक्ष देऊन ऐक.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर एम्डू मोक्तार या गिटारवादकाकडे येते. यंदा मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या निमित्ताने मी पुन्हा एकदा सतारमेकर गल्लीत जाऊन आले. एका दुकानात जवारी लावण्याचे काम चालू होते. कारागीर घोडीचा वरचा पृष्ठभाग कानशीने एकदा-दोनदाच, अगदी हलक्या हाताने घासत होता, मग तार छेडून कान देत होता, मग तारेखालचे सूत केसभर पुढे सरकवून पुन्हा छेडत होता. बराच वेळ तार नुसती ‘टण्’ अशी कोरडी बोलत होती, आणि एका क्षणी तिचा आवाज एकदम उघडला, एका तारेतून दोन-तीन स्वर निघू लागले आणि भोपळा भरून गुंजन आले. शुद्ध सुराला आपल्या कारागिरांनी मुद्दाम ही झणझण दिलेली आहे. तिच्यावाचून तंबोरा मुका वाटतो. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी ॲम्प्लिफायरचा आवाज फाडून जे मिळवले ते याच ओढीने मिळवले, असे माझे मत आहे, आणि ते मला मोक्तार यांचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ ऐकताना पक्के झाले.

मोक्तार हे नायजर देशातले, वाळवंटात राहणाऱ्या तुआरेग लोकांपैकी. घरच्यांना गाणेबजावणे मान्य नव्हते, म्हणून त्यांनी पहिली गिटार स्वतःच लाकडाची केली आणि तिला तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावल्या. त्यांची गाणी प्रथम पसरली ती एका मोबाइलमधून दुसऱ्या मोबाइलमध्ये, मेमरी कार्डांवरून. डाव्या हाताने वाजवतात. ३ मे रोजी आलेल्या या अल्बममध्ये त्यांनी तमाशेक भाषेत आपल्या देशाच्या लुटीविषयी, फ्रान्सविषयी, आपल्याच पुढाऱ्यांविषयी गायले आहे. ‘इमुहार’ हे गाणे तर आपली भाषा टिकवा म्हणून आपल्या लोकांना घातलेली साद आहे. २०२३ च्या जुलैमध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता आणि त्यांना बराच काळ घरी परतता आले नाही. हे कळल्यावर गिटारीतला तो संताप आणखी समजतो. एक मोकळी तार सतत वाजत ठेवून तिच्या वरच्या अंगाने ते ज्या वेगाने ताना घेतात, तो वेग आपल्याकडच्या द्रुत लयीत बसून ऐकण्याची सवय असलेल्याला परका वाटत नाही. आवाज थोडा मोठा ठेव. हा अल्बम हळू लावून ऐकण्याचा नाही.

एड्रिअन लेंकर यांचा ‘ब्राइट फ्युचर’ मात्र हळूच लावावा. तो आणि ‘टायगर्स ब्लड’ एकाच दिवशी, २२ मार्चला आले, हा योग मला फार आवडला. ‘बिग थीफ’ बँडची ही गायिका तीन मित्रांना घेऊन जंगलातल्या एका स्टुडिओत गेली आणि त्यांनी जुन्या पद्धतीने टेपवर हे ध्वनिमुद्रण केले, बाकाची करकर, श्वास, पियानोच्या पट्ट्यांचा ठकठक आवाज, सारे आत आहे आणि तसेच राहू दिले आहे. पहिले गाणे ‘रिअल हाउस’ तिने आईला उद्देशून लिहिले आहे. त्यात लहानपणीच्या आठवणी एकामागून एक येतात, आणि आईला रडताना आपण प्रथम पाहिले ते घरचा कुत्रा गेला तेव्हा, असे ती सांगते. मुलांना आपले काय काय दिसलेले असते आणि ती ते किती वर्षे मनात ठेवून असतात, याचा विचार मी ते गाणे ऐकल्यापासून करते आहे. तू काय पाहिले आहेस ते कधी सवडीने लिही. मला ते वाचायला आवडेल.

‘फाँटेन्स डी.सी.’च्या ‘रोमान्स’वरून आपले जमणार नाही. तुझ्या यादीत त्याची तीन गाणी आहेत, आणि ‘स्टारबर्स्टर’मध्ये धाप लागल्याचा तो श्वास ज्या प्रकारे ठेक्यात ओवला आहे त्याला माझीही दाद आहे, त्यांचे गायक ग्रिअन चॅटन यांना रेल्वे स्टेशनात आलेल्या भीतीच्या झटक्यातून ते गाणे आले, हे ऐकताना पटते. तरीही डब्लिनच्या या मंडळींचा हा अल्बम मला चांगल्या गाण्यांचा गठ्ठा वाटतो. त्याचा क्रम उलटा केला तरी फारसे काही हरवत नाही, आणि माझी कसोटी तीच आहे. ‘फेवरेट’ हे गाणे अखेरीस आहे हे मात्र चांगले झाले, ते दुसरीकडे कुठे शोभले नसते.

आपल्या देशातला एकच अल्बम या यादीत आहे, दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या बँडचा ‘बीटा’. ऑगस्टमध्ये आला. २०१९ च्या ‘बिस्मिल्लाह’नंतर यांनी काय करावे याची मला उत्सुकता होती. सूर्यकांत साहनी यांचा तो जुन्या हॉटेलातल्या गायकाचा दाणेदार आवाज, लग्नाच्या बँडची आठवण करून देणारा ट्रम्पेट, मधूनच डिस्को, मधूनच नुसती गिटार, हे सारे एका अल्बममध्ये नांदवणे सोपे नाही. मध्यावर तो थोडा सैलावतो असे मला वाटले, आणि ‘बिस्मिल्लाह’इतका एकसंध तो नाही. पण ‘पीपल नेव्हर चेंज’ ऐकल्यावर सारे माफ करावेसे वाटते. बाप होणे, घर करणे, वय वाढणे, हे विषय आपल्याकडच्या रॉकमध्ये इतक्या मोकळेपणाने आलेले मी क्वचित ऐकले. बंगळूरला त्यांचा कार्यक्रम झाला तर अवश्य जा आणि कसे वाजवतात ते मला कळव, विशेषतः ट्रम्पेटच्या जागा.

संक्रांतीला येशील तेव्हा ‘डायमंड ज्युबिली’ आपण मोठ्या स्पीकरवर लावू. जेवणे उरकून नऊच्या सुमारास सुरू केला तर अकरा-सव्वाअकरापर्यंत होईल. बाबांनाही बसवू, त्यांना जुन्या चालींची आवड आहे. येताना तुझा तो चांगला केबल आण, इथला खरखरतो, आणि या अल्बमला स्वतःची खरखर पुरेशी आहे. तोपर्यंत तू ‘साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ एकदा सलग ऐक, रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि ‘रोमान्स’विषयी माझे म्हणणे तुला पटत नसेल तर क्रमासकट कारणे लिहून पाठव. मी तो तुझ्या सांगण्यावरून पुन्हा ऐकेन.

प्रकृतीस जप. बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई